कायमचा निधी की वीस वर्षांचं काम?

पत्र (संक्षेपाने): मी खानापूर तालुक्यातल्या (जि. सांगली) एका गावचा. वय ६४. पंधराव्या वर्षी चुलत्यांबरोबर गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात गेलो, तो आजही कोइमतूरलाच आहे. वडील बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे. मला पुढे शिकवता आलं नाही, ही सल त्यांना शेवटपर्यंत होती. त्यांच्या नावाने गावातल्या तरुण मुलामुलींसाठी २५ लाख रुपये कायमचे ठेवावेत आणि नुसत्या व्याजावर काम चालावं, असं मनात आहे. पण गावात पाच तोंडं, पाच मतं. कोणी म्हणतं वेशीवर कमान बांधा. तरुण मंडळाला व्यायामशाळा हवी आहे. पतसंस्थेचे चेअरमन म्हणतात, ठेव आमच्याकडे ठेवा, एक टक्का जास्त देतो. भावकीतल्या एकाचं मत, आपल्याच समाजाच्या पोरांपुरतं ठेवा. मुलगा म्हणतो, स्वतःचा ट्रस्ट काढू. अमेरिकेतला पुतण्याही ५ लाख घालायला तयार आहे. यात आयकराची सूट किती मिळेल, आणि मी नेमकं काय करू? – आण्णा, कोइमतूर

नमस्कार आण्णा,

पुढच्या वेळी गावी याल तेव्हा हायस्कुलात एक चक्कर मारा. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक फलक असतो, बहुतेक शाळांत असतोच. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, दहावीत गणितात प्रथम येणाऱ्यास, ठेव रु. १,००१.’ खाली अशाच पंधरा-वीस ओळी. नव्वदच्या दशकात बँका १२ टक्के व्याज देत होत्या. त्या ठेवीचे वर्षाला १२० रुपये यायचे आणि त्यात पोराला वर्षभराच्या वह्या, वर कंपासपेटी मिळायची. आज त्याच ठेवीचे ६५-७० रुपये येतात. पुढे शाळा काय करते माहीत आहे? वीस ठेवींचं व्याज एकत्र करते, त्यातून एक भेटवस्तू आणते आणि गॅदरिंगला वीस नावं एका दमात वाचून टाकते. ठेवीदारांनी सगळं मनापासून केलं होतं आणि शाळेनेही पैसा खाल्ला नाही. महागाईने खाल्ला.

तुमच्या २५ लाखांना हाच हिशेब लागू आहे, फक्त आकडे मोठे. ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ७५ हजार व्याज येईल. महागाई ५ टक्के धरली, तर साधारण चौदा वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. सगळं व्याज दरवर्षी खर्च केलंत तर चौदा वर्षांनीही हातात १ लाख ७५ हजारच येतील आणि त्यात आजच्या निम्मंच काम होईल. निधीची ताकद आहे तशी टिकवायची असेल तर दरवर्षी २५ लाखांचे ५ टक्के, म्हणजे १ लाख २५ हजार, परत मुद्दलात टाकावे लागतील. खर्चाला उरले ५० हजार. महिन्याला ४ हजारांच्या आसपास. तुमच्या ‘कायमच्या’ निधीचं खरं उत्पन्न एवढंच आहे. देणगीदाराला हे सहसा कोणी सांगत नाही, कारण देणगी घेणाऱ्याला त्या दिवशी आकडा मोठाच दाखवायचा असतो.

तिसरीही एक वाट आहे आणि माझं मत तिच्या बाजूचं आहे. हा पैसा वीस वर्षांत संपवायचा, असं आधीच ठरवून टाका. त्याच ७ आणि ५ टक्क्यांच्या हिशेबात पहिल्या वर्षी दीड लाख खर्च करता येतात, ती रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवता येते आणि विसाव्या वर्षी निधी शून्यावर येतो. म्हणजे आजच्या मोलाचे दीड लाख, सलग वीस वर्षं. एकीकडे महिन्याला ४ हजार अनंत काळ, दुसरीकडे महिन्याला साडेबारा हजार वीस वर्षं. आज गावात पंधरा वर्षांची जी पोरं आहेत त्यांना ‘अनंत काळा’चा काही उपयोग नाही. टेंभू सिंचन योजनेचं पाणी शिवारात आलं तरी दहावीनंतर गलाईला जाणं थांबलेलं नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून बघता. त्या पोरांच्या हातात निर्णयासाठी दोन-तीन वर्षं असतात. जे काही करायचं ते त्या दोन-तीन वर्षांत त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

वडिलांचं नाव वीस वर्षांनी पुसलं जाईल, हे तुम्हाला बोचेल. साहजिक आहे. पण ज्या पोरीने या निधीतून चाललेल्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिली ती ते नाव तिच्या पोरांना सांगेल. कमानीवरचं नाव गाडीवाल्यांना वाचायला मिळतं, तेही गाडीचा वेग कमी असला तर. कमानीला माझा विरोध नाही, पण ती गावाने वर्गणीतून करावी.

पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले निधी आहेतच. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तो आजही चालू आहे. तो टिकला यामागे नुसती रक्कम नाही. पैसा कर्ज म्हणून दिला जातो, शिकून कमावता झालेला माणूस तो फेडतो आणि तोच पुढच्याला मिळतो. त्या निधीच्या पहिल्या दोन मानकरी स्त्रिया होत्या, दोघी डॉक्टर, आणि त्यातल्या एक आपल्या कोल्हापुरात काम केलेल्या कृष्णाबाई केळवकर. कर्जाची ही पद्धत गावात मात्र करू नका. वसुलीला कोण जाणार? जो जाईल त्याच्याशी अर्धं गाव बोलायचं बंद होईल.

आता मुलाचा प्रस्ताव. स्वतःचा ट्रस्ट काढण्यात चूक काही नाही, पण या रकमेसाठी काढू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, मग आयकर खात्याकडे सवलतीची नोंदणी, देणगीदारांना सूट मिळावी म्हणून कलम ८०जीची वेगळी, ठरावीक वर्षांनी त्यांचं नूतनीकरण, दरवर्षी ऑडिट, दरवर्षी विवरणपत्र. एखादा विश्वस्त वारला किंवा बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. ट्रस्टचे हिशेब बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. छोट्या ट्रस्टचा मोठा घास हा कागदच खातो. शिवाय तुमचा मुलगा कोइमतूरला, कार्यालय सांगलीला. पहिली पाच वर्षं तो हौसेने येईल. पुढे?

त्यापेक्षा आधीपासून नोंदलेली, चालती संस्था शोधा. गावचं हायस्कूल चालवणारी शिक्षणसंस्था, तालुक्याच्या ठिकाणचं सार्वजनिक वाचनालय, मुलांमध्ये काम करणारी एखादी जुनी संस्था. गावापुरतंच बघायला हवं असंही नाही. पुण्यात खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून वसतिगृहं चालवते. तुमच्या पट्ट्यातली मुलं पुण्याला जातातच, तर वाट्यातला थोडा भाग तिकडेही जाऊ शकतो. पण तुम्हाला गावात काम हवं आहे, तेव्हा गावाजवळची संस्था हीच पहिली पसंती.

टंच, म्हणजे शुद्धता, काढल्याशिवाय तुम्ही आयुष्यात कधी सोन्याचे पैसे मोजले नाहीत. इथेही काढा. संस्थेकडे परिशिष्ट एकचा उतारा मागा. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली ती नक्कल असते आणि तीत विश्वस्तांची नावं असतात. त्यातले तिघे वारलेले आणि दोघांचा आपसात दावा चालू, असं दिसलं तर चहा पिऊन नमस्कार करून निघा. चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून असलेल्या संस्थेत उद्या तुमच्या निधीच्या चेकवर सही कोणी करायची, यावरूनच भांडण होईल. मग शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागा. त्यात दोन गोष्टी बघायच्या. आधीच्या देणगीदारांच्या ठेवी वेगळ्या दाखवल्यात का, आणि त्या मोडून इमारतीला लावल्यात का. अहवाल द्यायला खळखळ करतात त्यांच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. ‘आण्णा, आपल्यात कसला कागद?’ असं कोणी म्हणालं, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

संस्था सापडली तरी २५ लाख लगेच देऊ नका. पहिली तीन वर्षं पैसा तुमच्याच नावावर राहू द्या. तुमचं वय ६० च्या पुढे आहे. पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. मुदतीआधी काढले तर थोडी कपात होते, तेवढी सोसा. २५ लाखांवर वर्षाला २ लाख ५ हजार येतील. त्यावर तुम्हाला कर भरावा लागेल, पण दीड लाख संस्थेला देऊन मुद्दलाला हात लागणार नाही. तीन वर्षांत कळेल की मुलं येतात का, हिशेब वेळेवर येतो का, आणि दुसऱ्या वर्षी चेक मागायला फोन आला की कामाचं पत्र आलं. आवडलं तर पुढे जा. नाही आवडलं तर संस्था बदला. एकदा दिलेला पैसा परत मागता येत नाही, आणि कायद्याने तो तुमचा राहतही नाही.

तुमच्या आयकराच्या प्रश्नाचं उत्तरही याच पद्धतीच्या बाजूने जातं. ८०जीची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. नवी पद्धत निवडली असेल तर काहीच नाही. शिवाय अशा संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या ५० टक्केच वजावट मिळते, आणि तीही साधारण तुमच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच्या देणगीवर. समजा, वर्षाचं करपात्र उत्पन्न १२ लाख आहे. हिशेबात धरली जाणारी देणगी १ लाख २० हजार, वजावट ६० हजार, प्रत्यक्ष वाचलेला कर १८ हजारांच्या थोडा वर. एका वर्षात २५ लाख दिलेत तरीही तेवढाच, आणि उरलेलं पुढच्या वर्षी ओढता येत नाही. दीड लाख दरवर्षी दिलेत तर ही वजावट दरवर्षी मिळते. रोख देऊ नका, २ हजारांच्या वरच्या रोख देणगीला सूटच नाही. संस्थेकडून पावतीबरोबर आयकर खात्याच्या नमुन्यातलं देणगी प्रमाणपत्रही घ्या, नुसत्या पावतीवर भागत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा ८०जी हे नाव कागदावर वेगळं दिसेल. तुमच्या सीएला ते माहीत असेल. एकूण काय, सूट हा या दानातला फार छोटा भाग आहे. तिच्यासाठी काही वाकडं करू नका.

आता खर्च कशावर करायचा, ज्यावर तुम्ही पत्रात सगळ्यात कमी लिहिलं आहे.

तरुण मंडळाची व्यायामशाळा घ्या. मशिनं येतील, उद्घाटन होईल, फेटे बांधले जातील. सहा महिन्यांनी ट्रेडमिलचा पट्टा तुटेल, दुरुस्तीवाला विट्याहून यायला पैसे मागेल आणि खोलीला कुलूप लागेल. आणि संध्याकाळी सातला तिथे एकही मुलगी पाय ठेवणार नाही, हे मला गाव न बघताही माहीत आहे. मंडळाला नाराज करू नका, पण ‘मुलामुलींसाठी’ हे शब्द तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलेत, ते धरून ठेवा.

वस्तू आणि इमारतींना देणगीदार मिळतात, कारण त्यावर नाव घालता येतं. माणसाच्या मानधनाला कोणी देत नाही. म्हणून गावोगाव इमारती उभ्या आहेत आणि त्यांची दारं उघडणारं कोणी नाही. तुमचा निधी नेमका तिथे लावा. आजचे दीड लाख कसे बसतात ते बघा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीत अभ्यासिका. ती सकाळ-संध्याकाळ उघडून बसणाऱ्या, मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या एका माणसाला महिन्याला ६ हजार, म्हणजे वर्षाला ७२ हजार. गावातलीच बी.ए., बी.एस्सी. झालेली एखादी सून हे काम उत्तम करेल, आणि ती बसली तर मुली आपोआप येतील. शनिवार-रविवार मैदानावर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला महिन्याला ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, वीजबिल यांना २० हजार. उरले २२ हजार. ते कशाला, ते पुढे सांगतो.

मैदान का, तर तुमच्या गावची निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, वर १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. बहुतेक जण डांबरी रस्त्यावर पहाटे एकटेच धावतात, गुडघे दुखवून घेतात आणि गोळा पहिल्यांदा भरतीच्या मैदानावरच हातात धरतात. त्याला महागडं काही लागत नाही. मोजून आखलेला मातीचा ट्रॅक, दोन गोळे, एक घड्याळ आणि धावण्यातलं कळणारा माणूस. माणूसच महाग असतो, आणि त्याच्यासाठीच निधी आहे.

मुलींचं वेगळं बघा. तुम्हाला कोणी सुचवेल की मुलींना एसटीचे पास काढून द्या. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटी प्रवास फुकट आहेच. अडचण बहुधा गाडीच्या वेळेत असते. कॉलेज सुटतं तेव्हा गाडी नसते, पुढची गाडी अंधार करून येते आणि मग बाप म्हणतो, राहू दे कॉलेज. हे खरं आहे की नाही ते तुम्ही मुलींनाच विचारा, पुढाऱ्यांना नको. खरं असेल तर त्यावर पैसा लावण्याआधी आगार व्यवस्थापकाकडे पन्नास पालकांच्या सह्यांचा अर्ज लावा. तिथे तुमच्या देणगीपेक्षा तुमच्या शब्दाला वजन जास्त असेल. सरकार जे देतं ते परत देण्यात पैसा घालवायचा नाही, एवढं एक सूत्र निधीचा खर्च ठरवणाऱ्या समितीला घालून द्या.

राहिलेले २२ हजार. हे कुठल्याच शीर्षकाखाली बांधू नका. एखाद्या पोराची निवड राज्य स्पर्धेला होते, चार दिवसांत निघायचं असतं आणि बूट नसतात. एखादीची प्रवेशाची फी परवा भरायची असते. खाशाबा जाधव हेलसिंकीला जाऊन १९५२ मध्ये कांस्यपदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं घर गहाण टाकणं आपण अभिमानाने सांगतो. मला प्रत्येक वेळी वाटतं की ती वेळ यायला नको होती. आठ दिवसांत निर्णय करून देता येईल असा थोडा सुटा पैसा प्रत्येक निधीत हवा.

उद्देश लिहिताना हात सैल ठेवा. ‘गावातल्या मुलांना टंकलेखनाचं शिक्षण’ असा उद्देश कोणी तीस वर्षांपूर्वी लिहिला असता तर तो तेव्हा अगदी शहाणपणाचा होता. आज टाइपरायटरवरच्या परीक्षाच उरल्या नाहीत. असा निधी दुसरीकडे वळवायचा तर कायद्यात सोय आहे, पण त्यासाठी धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयापर्यंत जावं लागतं. म्हणून ‘गाव व परिसरातील १४ ते २५ वयाच्या मुलामुलींचं शिक्षण, खेळ आणि कौशल्य’ एवढंच लिहा आणि आज त्यातलं काय करायचं ते समिती दर पाच वर्षांनी ठरवील.

समिती पाच जणांची पुरे. संस्थेचा एक, शाळेचे मुख्याध्यापक, तुमच्या घरचा एक, आणि पंचविशीच्या आतले दोघे, त्यात एक मुलगी. या दोघांना नुसतं बसवू नका, खर्चाच्या ठरावावर त्यांच्यातल्या एकाची तरी सही लागेलच असं लिहा. वर्षातून एकदा एका पानाचा हिशेब २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा. ऑडिटरपेक्षा गावाचे डोळे चांगले, असं मी ऑडिटवर जगलेला माणूस सांगतो. आणि तुमच्या घरच्या, नात्यातल्या कोणालाही या निधीतून लाभ नाही, हेही लिहून टाका. आयकराची सवलत त्यानेच धोक्यात येते, आणि गावात बोलायला जागाही राहत नाही.

तुमच्या भावकीतल्या गृहस्थांचं उत्तर थोडक्यात: नको. एका विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या लोकांपुरता काढलेला धर्मादाय निधी आयकराच्या सवलतीला मुकतो. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी केलेली तरतूद त्याला अपवाद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बहात्तर साली खडीच्या कामावर तुमच्या वडिलांच्या शेजारी कोण कोण बसलं होतं, ते त्या गृहस्थांना एकदा विचारा.

पतसंस्थेच्या चेअरमनना मात्र सरळ नाही सांगा, मैत्री असली तरी. सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा हे १९५०च्या कायद्याचं कलम ३५ ठरवतं. शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारने मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. बाकी कुठे ठेवायचा तर सहसा धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिथल्या ठेवींना ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेतही ते एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १ हजार रुपये काढायची मुभा होती. एक टक्का जास्त म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला २५ हजार. तेवढ्यासाठी २५ लाख पणाला लावायचे नाहीत.

तीन वर्षांनी मोठी रक्कम द्याल तेव्हा सोबतच्या पत्राला महत्त्व आहे. ‘ही रक्कम कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी देत आहे’ असं स्पष्ट लिहिलं नाही तर ती संस्थेचं त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि उत्पन्नाचा ८५ टक्के भाग सहसा त्याच वर्षी खर्च करावा लागतो. तुमचा निधी एका मार्चमध्ये रंगकामात आणि फरशीत गेलेला दिसेल. तुम्हाला मुद्दलही वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचं आहे, तेव्हा ते या चौकटीत कसं बसवायचं याचा मसुदा संस्थेच्या आणि तुमच्या सीएने एकत्र बसून करावा. हे काम फोनवर उरकू नका. निधीचं बँकखातं वेगळं, आणि संस्था बंद पडली तर उरलेली रक्कम कोणत्या संस्थेकडे जावी तिचं नावही त्याच पत्रात.

पुतण्याचं काय? त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या बचतीतला पैसा बँकेमार्फत आला की तो विदेशी देणगी धरला जात नाही, साध्या देणगीदारासारखा तो देऊ शकतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, तो पैसा विदेशी देणगी ठरतो. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि तसा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. गावच्या संस्थेकडे हे बहुधा नसेल. त्याने तुम्हाला पाठवायचे आणि तुम्ही तुमच्या नावाने संस्थेला द्यायचे, ही युक्ती कोणीतरी सुचवेलच. करू नका, संस्था अडचणीत येईल. त्याला म्हणावं, ५ लाख राहू देत, अभ्यासिकेतल्या मुलांशी आठवड्यातून एक तास व्हिडिओवर इंग्रजीत बोल. पोरांना मुलाखतीत घाम फुटतो तो इंग्रजीनेच. ते त्याने वर्षभर न चुकता केलं तर मी त्याला मानीन. पैसे पाठवणं त्या मानाने सोपं आहे.

शेवटचं काम मात्र तीन वर्षांसाठी थांबवू नका, कारण तोवर पैसा तुमच्या नावावर असणार आहे. मृत्युपत्र करा. २५ लाख कोणत्या कामासाठी, कोणत्या संस्थेला, ती योग्य नसेल तर दुसरी कोणती, आणि हे कोणी पार पाडायचं, त्या माणसाचं नाव. ज्येष्ठ नागरिक योजनेच्या खात्यावर ज्याचं नाव नॉमिनी म्हणून लावाल तो आणि मृत्युपत्र यांचा मेळ बसू द्या. दोन साक्षीदार लागतात, आणि ते लाभार्थी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या, कोइमतूरलाही करता येते. करण्याआधी घरच्या सगळ्यांना समोर बसवून वाचून दाखवा. कोणाची कुरकुर असेल तर ती तुमच्यासमोर झालेली बरी. दिवाळीला सगळे एकत्र येतच असाल.